जुन्या गाड्यांचं सीमोल्लंघन : गोव्याहून पहिल्यांदा ताफा काढताना

दरवर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकली की फोन सुरू होतात. "यंदा कुठे?" म्हणून विचारणारे जुने भिडू असतातच, पण दोन-तीन आवाज हमखास नवे असतात. कोणी आजोबांची अँबेसिडर मांडवाखालून बाहेर काढलेली असते, कोणी नुकतीच प्रीमियर पद्मिनी विकत घेतलेली असते. गाडी पणजी-मडगावच्या पलीकडे कधी गेलेली नाही आणि आता एकदम घाट चढायचा आहे. सगळ्यांना तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहून काढतो.

उदाहरणाला आमचा नेहमीचाच रस्ता घेऊ. म्हापशाला जमायचं. पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, आंबोली घाट, आजरा करून कोल्हापूर. मग सातारा. परतताना बेळगाव, जांबोटी आणि चोर्ला घाट उतरून सांखळी. एकूण सातशे किलोमीटरच्या आगेमागे. नव्या गाडीला दोन दिवस पुरतात. आपण पाच दिवस धरतो, आणि पाच म्हणजे पाच. चार दिवसांत बसवता येईल असं म्हणणारा गटात एक तरी असतो. त्याचं ऐकायचं नाही.

पायरी पहिली : माणसं

पहिल्या खेपेला सहा ते आठ गाड्या पुष्कळ झाल्या. प्रत्येक गाडीत दोन माणसं अशी हवीत की दोघांनाही ती गाडी चालवता येते. स्टेअरिंगखालचा गिअर आजच्या पोरांना माहीत नसतो. मालकाचा हात दुखावला किंवा पोट बिघडलं तर गाडी तिथेच उभी राहते.

गाड्या शक्यतो एका जातीच्या निवडा. तीन पद्मिनी असतील तर तिघांत मिळून एक पेट्रोल पंप (इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा), एक डिस्ट्रिब्युटर कॅप, एक वॉटर पंप नेला की झालं. एक पद्मिनी, एक फोक्सवॅगन बीटल, एक स्टँडर्ड हेरल्ड आणि एक विलीज जीप असा फलाहार जमवला की प्रत्येकाला आपलं दुकान वेगळं बांधून न्यावं लागतं. पद्मिनी बंद होऊन पाव शतक होत आलं, अँबेसिडर २०१४ मध्ये थांबली. वाटेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काही मिळेल या भरवशावर निघू नका.

आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. ही शर्यत नाही. कोण आधी पोचतो याच्या पैजा लागल्या की मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागू होतं. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची स्पर्धा करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी चाळीस वर्षांच्या ड्रम ब्रेकवर शर्यत लावणारा माणूस मला ताफ्यात नको.

पैशाचं सरळ ठेवा. राहणं, जेवण आणि मेस्ताचा, म्हणजे सोबतच्या मेकॅनिकचा, खर्च सामायिक वर्गणीतून, पेट्रोल आणि सुटे भाग ज्याचे त्याने. गाडी उचलून आणायची वेळ आली तर खर्च कोणाचा, हे निघायच्या आधी ठरवा. रस्त्याच्या कडेला उभं राहून तो हिशेब करताना मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

पायरी दुसरी : महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरचं ऊन रेडिएटरला झेपत नाही आणि दसऱ्याच्या सुमाराला पाऊसही धड गेलेला नसतो. नाहीतर कोल्हापूरच्या दसऱ्याला, छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते त्या दिवशी, तिथे पोचायचा मोह आम्हालाही दरवर्षी होतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळा. तेव्हा म्हापशातून बाहेर पडतानाच इंजिन उकळेल. जानेवारीचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यात आवडतो.

फक्त एक लक्षात ठेवा. हा उसाच्या गळीत हंगामाचाही काळ. आजऱ्याच्या पुढे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर लागतात आणि अंधारात त्यांची शेपटी दिसत नाही, कारण मागे दिवाच नसतो. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, या आमच्या नियमाचं हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं डायनामो. जुन्या गाडीत अल्टरनेटर नसून डायनामो असेल तर कमी वेगात तो बॅटरीला जवळजवळ काही देत नाही. हेडलाइट लावून गर्दीतून तासभर रांगलात की बॅटरी बसते.

पायरी तिसरी : कागद

इथे फार रमण्यासारखं काही नाही, पण चुकलं तर नाक्यावर दिवस जातो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतात, तेव्हा त्या पट्टीवरचा रंग आणि गंज आधी हलक्या हाताने साफ करून जा. जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक असेल तर गाडीची नोंद संगणकावर चढली आहे का ते परिवहनच्या संकेतस्थळावर बघा. चढली नसेल तर 'बॅकलॉग' एंट्री करून घ्या. त्याला वेळ लागतो, तीन महिने आधी लागा.

पन्नास वर्षांवरच्या, मुळात बदल न केलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेजची वेगळी नोंदणी आहे. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. पाटी दिसायला झकास, पण ती घेण्याआधी विचार करा. अशी गाडी रोजच्यासारखी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा आहे. मित्रांबरोबर साताऱ्याला कंदी पेढे खायला जाणं यात कुठेच बसत नाही.

जुन्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांचीच असते, तारीख बघा. विमा कंपनीला फोन करून रस्त्यावरची मदत इतक्या जुन्या गाडीला मिळते का ते स्पष्ट विचारा. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, साताऱ्याच्या वाटेवर किणी आणि तासवडे असे दोन टोलनाके आहेत. आणि डिकीतली ती बाटली. गोव्यातून दारू बाहेर न्यायला परवाना लागतो, बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी होते. जुन्या गाड्यांची रांग बघून पोलीस हौसेने थांबवतात, फोटो काढतात, मग डिकीही उघडायला सांगतात. एकाच्या काजू फेणीपायी आठ गाड्या खोळंबतात.

पायरी चौथी : गाडी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या आळशी माणसाकडून होत नाहीत, उत्साही माणसाकडून होतात.

नियम एकच: निघायच्या आधी पंधरा दिवस स्पॅनर खाली ठेवा. त्यानंतर फक्त हवा, पाणी, ऑइल. जुनी गाडी जुन्या भागामुळे जितकी बंद पडते त्याहून जास्त काल बसवलेल्या नव्या भागामुळे पडते. माझी पद्मिनी १९८४ ची, वडिलांची. पहिल्या खेपेला आदल्या संध्याकाळी मी हौसेने नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर (ठिणगी जुळवणारे डिस्ट्रिब्युटरमधले भाग) घातला. चालत्या गाडीचा चालता कंडेन्सर काढून. बांद्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. सात गाड्या माझ्यासाठी थांबल्या. सगळं तपासून झाल्यावर बायकोने ग्लोव्ह बॉक्समधून मुलाची कॅमलिनची जुनी कंपासपेटी काढली. त्यात मी आदल्या दिवशी काढलेला कंडेन्सर होता, फेकायला जिवावर आलं म्हणून ठेवलेला. तो परत चढवला आणि गाडी त्याच्यावर साताऱ्याला जाऊन आली. ती कंपासपेटी अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. नवा भाग बसवलात तर काढलेला चालता भाग फेकू नका, तोच तुमचा खरा स्पेअर.

तेव्हा कामं दोन महिने आधी सुरू करा आणि या क्रमाने करा.

ब्रेक पहिले. पद्मिनी, अँबेसिडरच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा) एकाच सर्किटचा असतो. म्हणजे चारांपैकी एका चाकात गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मग हातात उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबर बाजूला करून बघा, आत ओल दिसली तर किट बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि आपल्या हवेत ओलावा किती हे भिंतीवरची बुरशी सांगते. दोन वर्षं झाली असतील तर सगळं ऑइल नवं घाला. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का ते प्रत्यक्ष चढावर बघा.

मग रबर. २०२५ पासून पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या गाडीच्या पेट्रोल नळ्या आणि पंपाचा पडदा या पेट्रोलासाठी बनलेले नाहीत. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि पडदा आता मिळतात, ते बसवा. टाकीच्या तळाचा गाळ सुटून येतो, म्हणून पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावा आणि दोन जास्तीचे बरोबर घ्या. बीटलवाल्यांनी इथे दुप्पट काळजी घ्यावी. इंजिन मागे, नळी तापलेल्या इंजिनाजवळ, आणि नळी सुटली की आग. तिथली क्लिप बोटाने ओढून बघा. आग विझवायचं सिलिंडर प्रत्येक गाडीत हवंच, पण ते डिकीत सामानाखाली नको, पुढच्या सीटखाली हाताला लागेल असं ठेवा.

पाणी: रेडिएटर खोलून स्वच्छ, नवे होज पाइप, नवा फॅन बेल्ट, आणि झाकणाचं रबर. झाकण स्वस्त असतं म्हणून कोणी बघत नाही, आणि दाब तिथूनच जातो.

टायर नक्षी बघून घेऊ नका, तारीख बघून घ्या. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. उन्हात उभ्या गाडीचे टायर न चालताच म्हातारे होतात. पद्मिनीला ५.२०-१४ आणि अँबेसिडरला ५.९०-१५ हे माप वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही, म्हणून स्टेपनीशिवाय एक ट्यूब न्या.

वीज: जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. साठच्या दशकातल्या अनेक बीटल सहा व्होल्टच्या आहेत. अशा गाडीला शेजारच्या गाडीची बॅटरी घाईत जोडली तर धूर निघतो. तुमची गाडी यांपैकी असेल तर बॅटरीजवळ रंगाने ठळक लिहून ठेवा. मदतीला धावून येणाऱ्याला हे माहीत नसतं.

हे सगळं झालं की चाचणी. फोंड्याहून मोले आणि तिथून अनमोड घाट चढून परत, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आत. पण ती भर दुपारी करा आणि गाडीत चार माणसं बसवा. सकाळच्या गारव्यात एकट्याने फेरफटका मारून गाडी पास झाली असं समजू नका. या चाचणीत जे बिघडेल ते दुरुस्त करा आणि पुन्हा तोच घाट चढा. दुसऱ्या वेळेला काही बिघडलं नाही की मग स्पॅनर खाली.

पायरी पाचवी : दिवसाची आखणी

गूगल सांगेल त्या वेळेला दीडने गुणा, त्यात थांबे वेगळे. आम्ही दिवसाला दोनशे किलोमीटरच्या फार पुढे जात नाही, आणि तो आकडा ताफ्यातल्या सगळ्यात अशक्त गाडीवरून ठरतो. पहाटे सहाला म्हापसा सोडलं तर ऊन चढायच्या आत आंबोली होते. तिथे भजी आणि चहा होईपर्यंत इंजिनंही निवतात. जेवायला आजऱ्याच्या पुढे कुठेही, आणि चार-पाचच्या सुमाराला कोल्हापूर.

पहिला मुक्काम कोल्हापूरला ठेवण्यामागे तांबड्या रश्श्याइतकंच शिवाजी उद्यमनगरही आहे. लेथवाले, वेल्डर, मशीनिंगवाले एका ठिकाणी. तुटलेला बोल्ट, घासलेलं बुश, भाग दाखवला तर करून देणारा माणूस तिथे सापडतो. म्हणून कोल्हापुरात दोन रात्री ठेवतो. कोणाची गाडी बिघडली नसेल तर मधला दिवस रंकाळ्यावर.

हॉटेल ठरवताना खोलीच्या आधी अंगणाची चौकशी करा. आठ गाड्या सपाटीवर लागतील का? बॅटरी बसलेली गाडी ढकलून सुरू करायला जागा आहे का? उतारावरचं तळघरातलं पार्किंग असेल तर दुसरं हॉटेल बघा.

दुपारी पेट्रोल भरायचं ते काट्यावर नाही, किलोमीटरवर. जुना काटा अर्ध्यावर आहे म्हणतो आणि टाकी कोरडी असते. दीडशे किलोमीटर झाले की सगळ्यांनी भरायचं, गरज असो वा नसो. निघताना टाकी गोव्यातच काठोकाठ भरा, इथे दर महाराष्ट्रापेक्षा कमी.

पायरी सहावी : रस्त्यावर

आठ गाड्या एकामागे एक चिकटून चालवू नका. मागच्या एसटीला ओलांडायला फट मिळत नाही, ड्रायव्हर वैतागतो आणि वळणावर घुसतो. तीन-चार गाड्यांचे दोन गट करा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवा. गटात पुढे रस्ता माहीत असलेला, त्याच्या मागे सगळ्यात हळू गाडी, आणि शेवटी मेस्त. मेस्त सोबत न्यायलाच हवा. त्याची गाडी नवी असली तरी चालेल.

कोण हरवू नये म्हणून आम्ही फोनवर विसंबत नाही, घाटात रेंज जाते. नियम असा: फाट्यावर वळण घ्यायच्या आधी मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसली नाही तर थांबायचं. पुढचाही मग त्याच्या आरशात तुम्ही दिसत नाही म्हणून थांबतो. थांब्यांची नावं आणि नंबर एका कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात द्या.

पायरी सातवी : घाट

घाटाच्या पायथ्याशी दाणोलीला थांबा. तिथून आंबोलीपर्यंत गाडी सहाशे मीटरच्या आसपास चढते. पाणी बघा, पण झाकण गरम असताना नाही. दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चढा, एंजिनला धाप लागेपर्यंत वरचा गिअर धरून ठेवू नका. तापमानाचा काटा चढला तर पुढच्या रुंद वळणावर बाजूला घ्या, बॉनेट उघडा आणि इंजिन काही मिनिटं तसंच मंद चालू राहू द्या. पंखा फिरत राहिला तर उष्णता निघते. पाणी उकळून बाहेर येत असेल तरच लगेच बंद करा.

गाडी चढावर अचानक पेट्रोल घेईनाशी झाली, दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर तो व्हेपर लॉक. इंजिनच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते. नवा माणूस घाबरून कार्ब्युरेटर खोलायला बसतो. आमचा मेस्त फक्त ओला फडका पंपावर गुंडाळतो आणि म्हणतो, "पंप तापला. पयलीं च्या घेवया." चहा संपेपर्यंत गाडी सुरू होते. फडका आणि पाण्याची बाटली म्हणून बॉनेटजवळच ठेवा.

चढण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण धोका उतरताना आहे. चोर्ल्याला परतीच्या दिवशी माणसं दमलेली असतात, घर जवळ आलेलं असतं, आणि ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की तापून धरेनासा होतो. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक थोडा, घट्ट, आणि सोडा. जळका वास आला की थांबा, मग तो तुमचा नसून पुढच्या ट्रकचा निघाला तरी चालेल. खाली पोचल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, स्पर्श करू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. बंद पडलेली गाडी दोराने बांधून घाट उतरवायची नाही, कितीही जवळ असली तरी. ट्रकवर घालून आणायची, त्यासाठी सावंतवाडी आणि बेळगाव या दोन्ही बाजूंचे नंबर आधीच घेऊन ठेवा.

पायरी आठवी : घरी आल्यावर

दमलेली गाडी कव्हर घालून पावसाळ्यापर्यंत ठेवली की पुढची खेप तिथेच बिघडते. आल्या आठवड्यात इंजिन ऑइल बदला, ड्रम एकदा उघडून धूळ झाडा, आणि कुठल्या गाडीने काय मागितलं ते वहीत लिहा. इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवू नका, तेही पाणी ओढतं. पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाजाराला तरी न्या. फक्त मासळीची पिशवी डिकीत ठेवू नका. सुंगटांचं (कोळंबीचं) खारं पाणी पत्र्याच्या सांध्यात शिरलं की ते काढायला टिंकरवाला जे बिल करतो त्यात कोल्हापूरची एक फेरी होते.